स्पिरिटचा बोळा

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. सरांनी ड्रॉवर उघडला. स्पिरिटची बाटली काढली, कापसाचा बोळा भिजवला आणि हेडफोनच्या दोन्ही गाद्या, वरची पट्टी, वायरसुद्धा पुसून काढली. मग तो पुढच्या मुलीच्या हातात दिला. मी अजून खुर्चीतच होते.

पहिल्या दिवशी मला बरं वाटलं. म्हटलं, पनवेलसारख्या गावात इतका स्वच्छतेचा माणूस!

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. परदेशातल्या एका विद्यापीठाने मला समुद्रातल्या जीवांच्या अभ्यासासाठी प्रवेश देऊ केला होता. अट एकच. इंग्रजीच्या परीक्षेत ते सांगतील तेवढे गुण. वाचणं, लिहिणं मला जमत होतं. अडायचं ते ऐकण्यापाशी. कॅसेटवर दोन गोरी माणसं भराभर बोलणार आणि आपण त्यावरच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. या कॅसेट आमच्या भागात फक्त या सरांकडे. एसटी स्टँडमागे त्यांच्या फ्लॅटच्या पुढच्या खोलीत क्लास. एक टेपरेकॉर्डर, एक हेडफोन, आम्ही पाच जण. आळीपाळीने बसायचं. मी उरणहून एसटीने यायचे.

नाव घालायला गेले तेव्हा सरांनी विचारलं होतं, "उरणला कुठे?"

"कोळीवाड्यात."

"वडील?"

"होडी आहे आमची."

"अच्छा," सर म्हणाले. तो 'अच्छा' मला तेव्हा कळला नाही.

चार दिवसांनी मनात पाल चुकचुकली. माझ्या आधी दोन मुलं बसायची. त्यांच्यानंतर ड्रॉवर उघडायचा नाही. माझ्यानंतर मंजिरी बसायची. तिच्यानंतरही नाही. मग वाटलं, मंजिरीच नाजूक असेल, तिच्यासाठी करत असतील. मी शास्त्राची विद्यार्थिनी. असं नुसतं वाटून कसं चालेल? एक दिवस मुद्दाम शेवटी बसले. माझ्यानंतर कुणीच नव्हतं. तरी बोळा निघाला. दुसऱ्या दिवशी पहिली बसले. बोळा निघाला.

आता दुसरी कुणी असती तर तिथेच समजली असती. मी नाही समजले. मी संशय घेतला तो स्वतःवर. म्हटलं, आपल्याला वास येत असणार. आई उरणच्या बाजारात मासळी विकते, ओटीवर सुकट वाळत असते, आपल्याला सवय झालेली, लोकांना येत असेल. मी शाम्पूच्या पुड्या आणल्या. एक दिवसाआड केस धुतले. एसटीत बाजूला कुणी बसलं की त्याच्या नाकाकडे बघायचे. नाक हललं का? तोंड फिरवलं का? कुणी उठून पुढे गेलं की दिवसभर तेच डोक्यात. शेवटी मी मासे खायचेच सोडले. कोळ्याची पोर आणि ताटातला बोंबील बाजूला सारते!

आई चार दिवस बघत राहिली. तिचाही संशय जागा झाला, पण भलतीकडेच. म्हणाली, "काय गो, कोनी वरनभातवाला गावला काय तुला?"

"काहीतरीच काय आई. पोट बरं नाही."

"पोटाला काय झालंय? समिंदर शिकाया जातंस ना? मंग मासलीन काय केलान तुजं?"

मी ताट सारून उठले. त्या रात्री मला तिचा राग आला होता, हे आज लिहिताना लाज वाटते.

पंधरा दिवस असे काढले. अंगाला माशाचा कण लागू दिला नाही. बोळा काही चुकला नाही.

मग तो शनिवार आला. मंजिरी क्लासला येताना बाजारातून मासळी घेऊन आली. तिच्या आईने सांगितलं होतं म्हणे. पिशवीत पापलेटं आणि कोळंबी. त्या दिवशी पाळ्या उलट लागल्या होत्या, म्हणून ती माझ्या आधी बसली. पिशवी तिने खुर्चीच्या पायाशी ठेवली. ती गळत होती. फरशीवर पाणी आलं तशी तिने पिशवी उचलून पलीकडे ठेवली आणि त्याच ओल्या हाताने हेडफोन कानाला लावला. खोलीभर वास. मी सरांच्या नाकाकडे बघत होते.

सर हसले. "वा! आज बेत दिसतोय. आम्हाला बोलवायचं विसरू नकोस हं." सगळे हसले.

मंजिरीची कॅसेट संपली. तिने हेडफोन माझ्या हातात दिला. गादी ओलसर लागली. ड्रॉवर उघडला नाही.

मी कानाला लावला. कॅसेटवर एक मुलगा एका मुलीला ग्रंथालय कधी बंद होतं ते विचारत होता. पुढचं काही ऐकू आलं नाही. माझ्या कानात रक्त वाजत होतं. वास नव्हताच. पंधरा दिवस मी जो धूत होते तो वास माझ्या अंगाला नव्हता. सरांना मासळी चालत होती. मासळी मारणाऱ्याची मुलगी चालत नव्हती.

कॅसेट संपली. सरांचा हात ड्रॉवरकडे गेला. मी हेडफोन खाली ठेवला नाही.

"सर, मंजिरीनंतर तुम्ही पुसला नाहीत."

"काय?"

"हेडफोन. तिच्या हाताला कोळंबीचं पाणी आहे. तिच्यानंतर पुसला नाहीत. माझ्या हाताला काही नाही. माझ्यानंतर रोज पुसता."

सर पुन्हा हसले, पण यावेळी एकटेच. "अगं, हा हायजिनचा प्रश्न आहे. यात जात कशाला आणतेस?"

चोराच्या मनात चांदणं. मी जातीचा शब्दही काढला नव्हता.

"जात मी नाही आणली सर. तुम्ही आत्ता बोललात."

मंजिरीने वहीत डोकं घातलं. ती वाईट मुलगी नव्हती. रोज तिच्यासमोर बोळा फिरायचा आणि तिला कधी दिसला नव्हता, इतकंच.

सरांचा चेहरा लाल झाला. "पटत नसेल तर दुसरा क्लास बघ. इथे कुणी बांधून ठेवलेलं नाही."

दुसरा क्लास नव्हता. ते त्यांना माहीत होतं. मलाही. कॅसेट गेल्या की परीक्षा गेली, परीक्षा गेली की विद्यापीठ गेलं. इतके दिवस याच भीतीने मी बोळ्याबद्दल विचारलं नव्हतं, स्वतःलाच धूत राहिले होते. अडला हरी गाढवाचे पाय धरी. पण मी पाय धरले म्हणून बोळा थांबला नव्हता. मग आता कशाला धरायचे?

घरची बोली मी त्या खोलीत कधी काढली नव्हती. आपोआप आली.

"नाय जानार मी. माजा टेप मला ऐकू आला नाय. परत लावा."

सरांनी हात लावला नाही. मी स्वतःच कॅसेट मागे फिरवली आणि बटण दाबलं. माझ्यानंतर ज्याची पाळी होती तो मुलगा उभाच राहिला.

मी तेव्हा निघून गेले असते तर त्यांनी खुर्चीसुद्धा पुसून घेतली असती आणि त्यांच्या दृष्टीने खोली स्वच्छ झाली असती. ती सोय मी त्यांना करून देणार नव्हते. परीक्षेला एकवीस दिवस होते. ते एकवीस दिवस मी येणार होते, आणि ज्या दिवशी बोळा निघेल त्या दिवशी सगळ्यांसमोर विचारणार होते, हा कुणासाठी?