आठव्या नंबरासाठी

लॉकडाउनमध्ये रॉटरडॅमच्या आम्हा आठ मराठी घरांनी एक उद्योग काढला: कागदावरची बास्केटबॉल लीग. प्रत्येक घराचा एक संघ, पण खेळाडू अमेरिकेतले खरे, व्यावसायिक. ते तिकडे जसे खेळतील तसे इकडे आपल्याला गुण. पहिल्या वर्षी आमचा संघ नवऱ्याने निवडला आणि आम्ही आठात आठवे आलो. येणारच! नाव ऐकलेलं असलं की हा माणूस तो खेळाडू उचलणार. वय बघायचं नाही, गुडघे बघायचे नाहीत.

नियम असा होता की सलग दोनदा शेवटचा आलेल्याने जागा सोडायची. बाहेर दोन घरं टपून बसली होती. मला त्या लीगचं काही सोयरसुतक नव्हतं, पण आमची चौदा वर्षांची लेक! तिच्या क्लबचा हॉल बंद झाल्यापासून ती खोलीत कोंडून घ्यायची. जेवायला हाक मारली तर दारामागून एखादा डच शब्द, तोही अर्धा. रविवारी दुपारी लीगचा व्हिडिओ कॉल असला की मात्र बाहेर येऊन बापाच्या खुर्चीमागे उभी राहायची. ही जागा गेली तर पोर पुन्हा दाराआड जाईल.

"संघ मोडा," ती एकदा डचमध्ये म्हणाली. "दोन्ही म्हातारे स्टार देऊन टाका. बदल्यात नव्या खेळाडूंच्या निवडीतले नंबर घ्या." शेवटच्याला निवडीत पहिला नंबर मिळतो आणि पहिल्याला शेवटचा, त्यामुळे पहिला आमचा होताच. स्टार देऊन तिसरा, आणि दुसऱ्या फेरीतलाही तिसरा मिळाला.

"अगं, लोक हसतील," नवरा म्हणाला.

"हसतायतच की," मी म्हटलं.

मग लेकीने नव्या पोरांची माहिती उघडली आणि मी चष्मा लावला. धाकट्या बहिणीसाठी मी सत्तावीस स्थळं पाहिली आहेत, बायोडेटा वाचण्यात माझा हात कोणी धरणार नाही. 'स्वभाव मनमिळाऊ' लिहिलं की समजायचं, बाकी लिहिण्यासारखं काही नाही. इथे सगळे ज्याच्या मागे होते त्या उंचाड्याबद्दल तीन वर्षं एकच लिहिलेलं, 'प्रचंड क्षमता'. म्हणजे अजून करत काही नाही! त्याच्यावर मी काट मारली. लेकीने एक साधासा पोरगा दाखवला. त्याचे फ्री थ्रो, म्हणजे कोणी अडवत नसताना टाकायचे बॉल, दरवर्षी सुधारत होते. "हे एकट्यालाच घोटावं लागतं, आई," ती इंग्रजीत म्हणाली. मी जुन्या प्रशिक्षकाचं मत शोधलं, शेजाऱ्यांकडे चौकशी करतात तसं. पोरगा सरळ निघाला.

कॉलवर आम्ही पहिल्या नंबराला त्याचं नाव घेतलं आणि सगळे खो खो हसले. आमचे दोन्ही स्टार घेतलेला नवऱ्याचा मित्र म्हणाला, "वहिनी, जावई शोधताय का?"

"जावई असता तर अजून चौकशी केली असती," मी म्हटलं.

डिसेंबरपर्यंत आम्ही तळाशी. नवरा कुरकुरायला लागला, "एखादा जुना तरी परत घेऊ या." लेक म्हणाली नाही, मी म्हटलं गप्प बस. मनातून मीही टरकले होते. जानेवारीनंतर आमच्या पोरांना मैदानावर जास्त वेळ मिळायला लागला. मित्राचे स्टार गुडघे धरून बसले. आम्ही सहावे, चौथे, दुसरे. शेवटच्या रविवारी गाठ पडली ती त्या मित्राशीच. सकाळी गुण लागले. अकरा गुणांनी जिंकलो! लीगमध्ये पहिले! मी ताट आणि डाव घेऊन बाल्कनीत गेले आणि असं बडवलं की शेजारची डच आजी ड्रेसिंग गाउनमध्येच बाहेर आली. कारण कळल्यावर तीही टाळ्या वाजवायला लागली.

दुपारी कॉलवर मित्राने टोमणा मारलाच. "आता पुढच्या निवडीत तुमचा नंबर शेवटचा हं. आठवा!"

नवरा काही बोलायच्या आत लेक त्याच्या खुर्चीमागून पुढे आली. चारचौघांत ही मुलगी मराठीत कधी तोंड उघडत नाही.

"काका," ती मराठीत म्हणाली, "आठवाच पाहिजे होता."

कॅमेरा चालू होता आणि मी रडत होते. बघू देत.