वडिलांची निगेटिव्ह

सन छप्पन, मी तेव्हा बावीस वर्षांचा. काल नातसुनेनं ओठांना लावायला ग्लिसरीनची बाटली उघडली आणि सिंधीपुऱ्यातलं ते फोटोचं दुकान डोळ्यांसमोर उभं राहिलं.

वडिलांचं वर्षश्राद्ध जवळ आलेलं. त्यांचा फोटो घरात नव्हता, फक्त एक निगेटिव्ह होती, तीही वैशाखात वाळून सुरळीसारखी वळलेली. फोटोवाले गुलाबकाका म्हणाले, "बेटा, जोर नको लावू. ग्लिसरीनच्या पाण्यात फडकं भिजवून डब्यात ठेवू, त्यात ही राहू दे. नुसतं पाणी उडून जातं, ग्लिसरीन ओल धरून ठेवतं. उद्यापर्यंत आपोआप नरम होईल."

"एवढ्याशा पट्टीचे इतके लाड?" मी म्हणालो.

काका फडकं आणायला आत गेले, तेवढ्यात मी ती दोन्ही अंगठ्यांनी दाबून सरळ करायला गेलो. कट् असा बारीक आवाज आला. चीर बरोबर वडिलांच्या चेहऱ्यावरून गेली.

घरी आईनं विचारलं तेव्हा म्हणालो, "काकांच्या हातून मोडली."

आई कितीतरी वेळ पदराला हात पुसत राहिली. मग म्हणाली, "भला माणूस आहे. त्याला काही बोलू नकोस."

मला वाटलं, सुटलो. आज वाटतं, तिला तेव्हाच सगळं कळलं असणार.

पण त्या रात्री जेवण काही गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आईला दुकानात घेऊन गेलो आणि काकांच्या समोर म्हणालो, "आई, मी मोडली."