ताईनं तार कापली तेव्हा

गिअरबॉक्समधून काढलेल्या जुन्या ऑइलचा वास तुम्ही कधी घेतला नसेल, तर तुमचं नशीब थोर. नासकी अंडी आणि जळके केस एकत्र कुटले तर जे होईल ते. मी एकोणीस वर्षं त्या वासाच्या डोक्यावर राहतेय, म्हणजे वर्कशॉपच्या वरच्या खोलीत. सरकारी कचेरीत टायपिस्ट होते, लग्न केलं नाही, निवृत्त झाले तरी ताईकडेच राहिले. जिन्यावर वास, उशीवर वास, धुतलेल्या टॉवेलला वास. शी!

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. वय चौसष्ट, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. ती फक्त जुन्या मोटारसायकलींचे गिअरबॉक्स उघडते. इंजिनाला हात लावत नाही. "इंजिनवाले पैशाला पासरी आहेत," म्हणते. बुटक्या लाकडी स्टुलावर बसून ती गाडीच्या पोटाखाली तोंड घालते, आणि तासभर तिचा नुसता पाठीचा कणा दिसतो.

गिऱ्हाइकं एकेक नग असतात. चाळीस-पन्नास वर्षांची गाडी, तिला आरशासारखी चमकवतील, दात घासायच्या ब्रशनं चाकाच्या तारा घासतील, पण आत ऑइल कुठलं आहे विचारलं तर तोंड वासून उभे. एकजण दुकानातला सगळ्यांत महाग डबा घेऊन आला होता. ताईनं डबा उलटा फिरवला आणि मागची बारीक अक्षरं त्याच्या नाकासमोर धरली.

"हे नव्या गाड्यांच्या गिअरचं. यात गंधकाचा मसाला जास्त. तुमच्या गिअरबॉक्समध्ये दांड्यांभोवती पितळी बुशा आहेत, कड्यांसारख्या. गरम झालं की हा मसाला पितळ खातो."

"पण डब्यावर तर सर्वोत्तम लिहिलंय."

"विषसुद्धा उत्तमातलं मिळतं हो. घालू का?"

तिची पद्धत ठरलेली. आधी गाडी पंधरा मिनिटं फिरवून आणायची, म्हणजे ऑइल गरम होतं आणि तळाचा गाळही सुटतो. मग खालचा बोल्ट काढायचा आणि अर्धा तास गप्प बसायचं. लोकांना दम नसतो, पाच मिनिटांत "झालं की, लावा आता" सुरू होतं. मग ती दोन बोटांत ऑइल चोळते, उन्हात धरते. सोनेरी कण चमकले की पितळ झिजतंय. नवं घालताना गाडीच्या वयाचा हिशेब. फार जाड घातलं तर थंडीत बुशीपर्यंत पोचत नाही, फार पातळ घातलं तर जुन्या सीलमधून गळतं. बाजूच्या छोट्या भोकातून थेंब यायला लागला की थांबायचं. वर एक थेंब जास्त नाही.

आणि शेवटी तार. आमच्या वर्कशॉपची ही खूण होती. बोल्टच्या डोक्याला बारीक भोक पाडून त्यातून तांब्याची तार ओवायची, पीळ द्यायचा. ताईचा पीळ उजवा, भाऊजींचा डावा. तार शाबूत म्हणजे आत जे आहे ते आमच्या शब्दावर आहे. लोक दुसरं काही न बघता, नुसती तार बघून गाडी विकत घ्यायचे.

भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, दोन वर्षांपूर्वी गेले. माणूस गोड. गोड म्हणजे इतका की माझ्या दाढा दुखायच्या. भंगारातून जुन्या गाड्या आणायच्या, मागच्या शेडमध्ये उभ्या करायच्या, आणि विकायच्या. "विकायच्या गाड्या माझ्या, सर्व्हिसच्या तुझ्या," अशी त्यांनी वाटणी करून टाकली होती. विकताना गिऱ्हाइकाच्या खांद्यावर हात ठेवून सांगायचे, "पाच वर्षं या तारेला हात लावायचा नाही. माझी जबाबदारी." लोक गहिवरून जायचे. ताईही. ते गेल्यावर वर्कशॉप चाललं ते त्या शब्दावर, आणि ताई उभी राहिली तीही त्याच शब्दावर. तिला मूलबाळ नाही. तिचं काय होतं नव्हतं ते एवढंच.

तर एके दिवशी सकाळी दाताची डॉक्टरीण आली. भाऊजींकडून घेतलेली गाडी घेऊन.

"पाच वर्षं पुरी झाली हो ताई. भाऊंनी सांगितलं तसं केलं, तारेला बोट लावलं नाही. आता ऑइल बदलून द्या. परवा माझी लेक हीच गाडी घेऊन घाट उतरणार आहे, नव्या नोकरीवर."

ताईचा चेहरा असा फुलला म्हणता! स्टुलावर बसली, तो डावा पीळ अंगठ्यानं हळूच चाचपला, आणि मग कात्रीनं तार कापली. डॉक्टरीण दाराशी बाकावर मासिक वाचत बसली होती. मी नाकाला रुमाल लावून जिन्यावर उभी, कारण मला चहाचं विचारायचं होतं.

बोल्ट निघाला आणि काहीच आलं नाही. ताईनं आत तारेचा तुकडा घालून डिवचलं. मग भदकन एक गोळा ट्रेमध्ये पडला. मागोमाग दुसरा. काळपट तपकिरी, चिकट, आजारी माणसाच्या भांड्यात असावा तसा लगदा. मला उमासाच आला. ताईनं तो बोटांत घेतला, चोळला, हुंगला. पुन्हा चोळला.

"भुसा आहे," ती म्हणाली.

मला कळेना. ती हळू आवाजात, माझ्याकडे न बघता सांगत होती. गिअरचे दात झिजले की गाडी रडते. जाड ग्रीसमध्ये लाकडाचा भुसा कालवून आत कोंबला की रडणं बंद. गाडी विकली जाते. आत दात झिजत राहतात, फक्त ऐकू येत नाही.

"मग पुसून काढ आणि नवं घाल," मी कुजबुजले.

"नवं घातलं की लगेच ओरडणार. तेवढ्यासाठी तर हे कोंबलंय."

"मग पुन्हा जाड काहीतरी घाल. कुणाला कळणार आहे?"

ताईनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "घाटात गिअर अडकला आणि मागचं चाक जागच्या जागी थांबलं तर? त्या पोरीच्या अंगाखाली?"

ताईनं पुन्हा ट्रेमध्ये बोट फिरवलं.

"बघ किती बारीक आहे. शेजारच्या सुताराकडचा भुसा भरड असतो. हा कुणीतरी चाळलाय."

लाज सोडून सांगते, तो मी चाळला होता. भाऊजी सुताराकडून पोतं आणायचे आणि मला म्हणायचे, "तेवढा चाळून द्या, जमिनीवर ऑइल सांडतं ते टिपायला बरा." मी गच्चीवर बसून स्वयंपाकघरातल्या चाळणीनं चाळून द्यायचे. वर्षानुवर्षं. जमिनीला मैद्यासारखा भुसा कशाला लागतो, हे विचारायची अक्कल मला नव्हती असं नाही. होती. पण त्यांच्या घरात राहत होते, त्यांच्या छपराखाली झोपत होते, आणि ते माझ्याशी गोड वागत होते. विचारलं नाही. मला त्यांची किळस येते तेवढीच माझीही येते.

"मी चाळायचे," मी म्हटलं.

"कशासाठी म्हणाले होते?"

"जमिनीसाठी."

"आणि तुला ते पटलं?"

"नाही पटलं."

ताई चिंधीला हात पुसत उठली, गुडघ्यांवर हात टेकत, आणि सरळ डॉक्टरीणबाईंच्या समोर जाऊन उभी राहिली. मला वाटलं, काहीतरी सारवासारव करेल. कुणीतरी मध्येच गिअरबॉक्स उघडला असेल, असं काहीतरी. पण नाही.

"बाई, तुमच्या गाडीत भुसा भरलाय. माझ्या नवऱ्यानं भरलाय. तार त्यांचीच होती. लेकीला या गाडीवर पाठवू नका."

डॉक्टरीणबाईंनी मासिक मिटलं. "भाऊंनी?" एवढंच म्हणाल्या. आणि मग, "मी दवाखान्यात सगळ्यांना त्यांचं नाव सांगायचे हो." गिअरबॉक्स उघडला तेव्हा एका गिअरचे अर्धे दात झिजून साफ झाले होते. बाई गाडी तिथंच सोडून, नुसती किल्ली मुठीत धरून चालत घरी गेल्या.

त्यानंतर ताईनं जे केलं ते मला आवडलं नाही, आणि अजूनही आवडत नाही. भाऊजींना सवय होती, प्रत्येक गाडी विकली की गिऱ्हाइकाला गाडीशेजारी उभं करून फोटो काढायचा. डॉक्टरीणबाईंचा सोडून भिंतीवर असे अकरा फोटो होते. ताईनं अकरा जणांना फोन लावले. प्रत्येकाला भुशाचं सरळ सांगितलं, न अडखळता, आणि वर हेच एक वाक्य: "गाडी घेऊन या, तार कापायची आहे." मी म्हटलं, "अगं बाई, मेलेल्या माणसाची अब्रू वेशीवर टांगतेस." ती म्हणाली, "मेलेला पडणार नाही. चालवणारा पडेल."

सात जण आले, चौघे फिरकलेच नाहीत. शिव्या देणारे दोघे, रडवेला एक. आणि एक मिशीवाला, ज्याच्याकडे अशा सहा गाड्या आहेत आणि ज्याला दर प्रदर्शनात बक्षीस लागतं. त्यानं तर ताईलाच झापलं.

"आवाज येत नाही ना? मग उघडता कशाला? मला ती फक्त उभी करायची असते. आणि तारेवर भाऊंचा डावा पीळ आहे, लोक तो बघायला येतात!"

त्याला भुसा चालत होता हो! आत शेण भरलं असतं तरी चाललं असतं, वरून पॉलिश असलं म्हणजे झालं. असल्यांच्या जिवावरच भाऊजींसारखे पोसतात. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ताई शांतपणे म्हणाली, "उभीच करणार असाल तर न्या. चालवू मात्र नका." तो तार तशीच ठेवून गाडी टेम्पोत घालून घेऊन गेला.

उरलेल्या सहांपैकी पाचांत भुसा निघाला. सहाव्यात नुसतं घट्ट ग्रीस.

एवढं होऊनही ताई भाऊजींची बाजू सोडेना. दर गाडीगणिक एक नवी सबब. "त्यांना शिकवणाऱ्यानं चुकीचं शिकवलं असेल." "जुन्या काळी करायचे गं लोक असं, त्यात त्यांना वावगं वाटत नसेल." "ते थोडेच माझ्यासारखे डब्याच्या मागचं वाचायचे? त्यांना ऑइलमधलं कळतच नव्हतं फारसं." मी ऐकून घ्यायचे. त्यांना कळत नव्हतं, या एका गोष्टीला ती बुडत्यासारखी धरून होती. अडाणी नवऱ्याबरोबर पस्तीस वर्षं काढली, हे तिला सोसलं असतं. लबाड नवऱ्याबरोबर नाही.

मग भाऊजींच्या तारेची घरातली राहिली एकच गाडी. ताईची स्वतःची. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा त्यांनी तिला दिलेली, छोटी, हिरवी. तिच्या गिअरबॉक्सला ते ताईलाही हात लावू द्यायचे नाहीत. "हिचं ऑइल मीच बदलणार," म्हणायचे, आणि ताई लाजायची. जाण्याच्या दोन महिने आधी त्यांनी शेवटचं बदललं होतं.

"ती नको उघडूस," मी म्हटलं. "काय मिळणार आहे? आणखी एक घाणीचा गोळा?"

"त्यांना कळत नव्हतं, तर हिच्यातही भुसाच असणार," ताई म्हणाली. आणि माझ्या तेव्हा लक्षात आलं की ती भुसा निघावा म्हणून वाट बघतेय.

गाडी पंधरा मिनिटं फिरवून आणली. तार कापली. बोल्ट सैल केला.

मधासारखी धार लागली. सरळ, बारीक, न तुटता. ताईनं बोटावर घेतलं, चोळलं, दारात जाऊन उन्हात धरलं. एक कण चमकला नाही. हुंगलं तर गंधकाचा मागमूस नाही. पितळाला चालणारं, त्या गाडीच्या वयाला शोभेल तेवढंच जाड. ती स्वतः निवडते तेच, अगदी तेच.

अर्धा तास ती ट्रेकडे बघत बसली. शेवटचा थेंब पडेपर्यंत.

भाऊजी गेले तेव्हा ती रडली नव्हती. सातही गाड्यांना रडली नव्हती. आता तिनं तेलकट हातांनीच तोंड झाकून घेतलं.

"त्यांना सगळं येत होतं गं," ती म्हणाली.