सोनेरी केसांचा नेचा

वनस्पतींच्या संग्रहालयात त्यांना सगळे डिंकाबाई म्हणायचे आणि सव्वीस वर्षांत त्यांनी त्यावर कधी नाक मुरडलं नाही. रानातून दाबून-वाळवून आलेली रोपं चिमट्याने साफ करायची, जाड कागदावर डिंकाने चिकटवायची, कोपऱ्यात नावाची चिठ्ठी लावायची, हे त्यांचं काम. डिंकाबाई स्वभावानेही चिकट होत्या, पण फक्त रागाच्या बाबतीत. एकदा बसला की सुटायचा नाही.

हा राग बसला तो मूठभर नेच्यांवरून. नेच्याला फूल नाही, बी नाही. पानाच्या पाठीवर तपकिरी ठिपके येतात, त्यांतली भुकटी उडते आणि तिच्यातून नवं रोप धरतं. उष्ण, दमट रानात झाडांच्या खोडांवर वाढणाऱ्या बोटभर नेच्यांचा एक छोटा गट आहे. पूर्वी त्यांच्या जाती पानाच्या लांबीवरून लावायचे. लांबी फसवी असते, ओलाव्याबरोबर कमी-जास्त होते, हे डिंकाबाईंच्या बोटांनी आधी ओळखलं. काहींचे ठिपके पानात खड्डा करून बसतात, ती पानं कागदावर निमूट झोपतात. काहींचे वर फुगतात, त्या पानांवर वाळूची पिशवी ठेवल्याशिवाय ती चिकटत नाहीत. उरलेल्यांचे ठिपके जुळून लांब रेघ होते. असे हे तीन गट.

भाबडेपणाने त्यांनी हे मोठ्या सरांना सांगितलं. नेच्यांच्या बाबतीत सरांचा शब्द म्हणजे शेवटचा. वर्षभरात सरांचा लेख आला. त्यात तेच तीन गट, तीच लक्षणं आणि तळाला आभार, 'डिंक लावणाऱ्या कर्मचारीवर्गाचे'. जाब विचारायला गेल्या तर सर हसले. बोटांना कळणं वेगळं आणि शास्त्र वेगळं, म्हणाले. घरी मुलीने समजावलं की आई, सोडून दे, असल्या लोकांच्या नादी लागू नये. डिंकाबाईंनी हो म्हटलं आणि बारा वर्षं डूख धरून बसल्या.

मग एकदा सर रानातून आले. वाटेत टिपकागद संपले म्हणून त्यांनी शेवटची चाळीस रोपं स्वतःच्या ब्लँकेटच्या घड्यांत दाबून आणली होती. प्रत्येक देठाला पिवळसर लोकर चिकटलेली. डिंकाबाई एकेक तंतू चिमट्याने वेचत बसल्या. एकोणचाळीस रोपं झाली आणि चाळिसावं सरांनी भिंगाखाली ओढलं. देठावर सोनेरी केस! असे केस या गटात कुणी पाहिले नव्हते. याला अजिबात हात लावू नका, आहे तसंच चिकटवा, असं सरांनी बजावलं.

डिंकाबाईंनी तोंड उघडलं होतं. ते त्यांनी मिटलं. त्या रोपाइतकं देखणं काम त्यांनी जन्मात केलं नसेल. एक तंतू हलू दिला नाही. ब्लँकेटचा एक धागा मात्र पाकिटात घालून ठेवला.

तीन वर्षांनी सरांचा ग्रंथ छापून आला, मुखपृष्ठावर सोनेरी केसांचा नेचा, त्याला सरांचंच आडनाव. मूळ नमुना पाहायला परदेशातून एक विदुषी येणार होत्या, सकाळी अकरा वाजता. त्या दिवशी डिंकाबाई आठलाच कामावर आल्या.

नव्या जातीचा पहिला नमुना चिकटवलेला कागद फार मोलाचा असतो. ती जात ओळखायची तर जगातल्या कुणालाही तोच उघडावा लागतो. त्यावरची चुकीची चिठ्ठी कधी काढत नाहीत. दुरुस्तीची चिठ्ठी शेजारी लागते आणि खाली चूक पकडणाऱ्याचं नाव, मग त्याचा हुद्दा काहीही असो. डिंकाबाईंनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'केस नव्हेत, ब्लँकेटची लोकर. जात जुनीच.' खाली स्वतःचं पूर्ण नाव घातलं, शेजारी पाकीट चिकटवलं आणि दार उघडं ठेवलं.

साडेदहाला सर आले. चिठ्ठी वाचली, पाकिटातला धागा भिंगाखाली धरला, मग देठ पाहिला, पुन्हा धागा. तोंडचं पाणी पळालं त्यांच्या.

"बाई, ही चिठ्ठी मला लिहू द्या," ते हळूच म्हणाले. "माझी चूक मीच सुधारली असं दिसेल. पुढच्या लेखात तुमचं नाव पहिलं घालतो."

डिंकाबाईंना दया यायला हवी होती. आली नाही. पोटभर जेवल्यासारखं वाटलं त्यांना.

"डिंक अजून ओला आहे," त्या म्हणाल्या. "कोपरा उचलतोय बघा. धरा दाबून."

कागदाचा सुटलेला कोपरा सरांना आयुष्यात कधी बघवला नव्हता. चाळीस वर्षांच्या सवयीने त्यांचा अंगठा पुढे झाला आणि डिंकाबाईंच्या नावावर टेकला. बाहेर पाहुण्या बाईंच्या चपलांचा आवाज आला.

"जरा जोरात, सर," डिंकाबाई म्हणाल्या.