लाल दिवा

सकाळी ऑफिसच्या काचेच्या दारापाशी सावंत सर उभे होते. त्यांनी कार्ड लावलं, दिवा लाल झाला. पुन्हा लावलं, पुन्हा लाल. कालच ते निवृत्त झाले. शाल-श्रीफळ देऊन झाल्यावर त्यांचं कार्ड बंद केलं ते मीच. आज ते विसरलेला डबा न्यायला आले होते.

माझ्या कार्डाने दार उघडून मी आत पाऊल टाकलं. आपल्यामागून येणाऱ्यासाठी दार धरायचं नाही, हा आमचा नियम. एखादा भामटा असाच कुणाच्या तरी भलेपणामागून आत शिरतो आणि हजारो लोकांची माहिती घेऊन जातो, हे मला पुरतं ठाऊक आहे. पण आलेल्या माणसाच्या तोंडावर दार लावू नये, हे त्याच्याही कितीतरी आधी शिकलेलं. डोकं नियम आठवत राहिलं, हात दार सोडेना.

"सोड दार," सर शांतपणे म्हणाले. "हा नियम मीच लिहिलाय."

मी सोडलं. काचेपलीकडे वॉचमनने त्यांच्यापुढे पाहुण्यांची वही सरकवली. सरांनी नाव लिहिलं, वेळ लिहिली. 'कोणाला भेटायचे आहे' या रकान्यापाशी मात्र त्यांचं पेन बराच वेळ थांबून राहिलं.