बाजेची दोरी

१२ जून १९९५ रोजी महालक्ष्मीने सात हजार चारशे पन्नास रुपये रोख देऊन सोफासेट घरी आणला. पैसे तिचे स्वतःचे होते. तंजावुरातल्या एका कॉम्प्युटर सेंटरमध्ये ती संध्याकाळी शिकवत असे, त्या पगारातून थोडे थोडे करून तिने ते साठवले होते. गर्द निळ्या कापडाचा, जाड हातांचा तो सोफा भाड्याच्या घरातल्या हॉलमध्ये मांडला तेव्हा तिचा नवरा साईराम त्यावर आधी सतरंजी घालून मगच बसला होता.

त्याच वर्षी ऑगस्टात साईरामचे वडील सीतारामराव तंजावूरजवळच्या पापनाशम गावी वारले. भाताच्या गिरणीत त्यांनी जन्मभर हिशेब लिहिले. घर देवस्थानचे, भाड्याचे. बाराव्या दिवशी रीतीप्रमाणे शय्यादान झाले. छत्री, वहाणा, तांब्या, घोंगडी आणि ज्या काथ्याच्या बाजेवर ते निजत ती बाज, हे सगळे कृष्णस्वामी भटजींना दिले. मेलेल्या माणसाची शय्या घ्यायला सहसा कोणी पुढे येत नाही. कृष्णस्वामी येत. उरलेले कपडे, चटया, पडदे विहिरीवर धुऊन निघाले. मग साईरामने घराची किल्ली देवस्थानच्या कचेरीत दिली आणि आईला, भागीरथीबाईंना, तंजावूरला आणले.

भागीरथीबाईंनी सोबत एक ट्रंक आणि वेताची टोपली घेतली. टोपलीत कुट्टी होती. करड्या पट्ट्यांची ही मांजर सीतारामरावांची. गिरणीच्या पोत्यांमागे सापडलेले पिल्लू त्यांनी खिशात घालून आणले होते आणि तेव्हापासून ती त्यांच्या पायथ्याशी निजे. बसमध्ये ती सबंध वाटभर ओरडत राहिली. भागीरथीबाई टोपलीच्या झाकणावर हात ठेवून बसल्या होत्या. सतराव्या वर्षी लग्न होऊन त्या पापनाशमला गेल्या, त्यानंतर गाव सोडून कुठे राहिल्या नव्हत्या.

पहिले काही दिवस कुट्टी न्हाणीशेजारच्या कोठीच्या खोलीतून बाहेर आली नाही. भागीरथीबाईंनी तिचे ताट, पाणी आणि मातीचे घमेले तिथेच ठेवले. त्याच खोलीत त्याही चटई टाकून निजत. हळूहळू ती घरभर फिरू लागली. हॉलमध्ये आली. आणि एका सकाळी महालक्ष्मी कॉफीचा पेला घेऊन बाहेर आली तर सोफ्याच्या उजव्या हाताचे कापड उसवून आतला पिवळा स्पंज दिसत होता.

महालक्ष्मी ओरडली नाही. तिने पेला खाली ठेवला आणि ते उसवलेले धागे बोटांनी आत सारत राहिली. ते पाहणे भागीरथीबाईंना ओरडण्यापेक्षा जड गेले.

मग उपाय सुरू झाले. सोफ्यावर जुनी साडी घातली, कुट्टीने साडीसकट ओरबाडले. शेजारच्या वत्सलाबाईंनी लिंबाची साल चोळायला सांगितली. हॉलला आठवडाभर लोणच्याचा वास. साईरामने वर्तमानपत्राची गुंडाळी करून आपटून पाहिली. कुट्टी पळाली आणि सोफ्याच्या डाव्या हाताला नखे लावून आली.

"तुझं मांजर शिकलेलं आहे आई," साईराम म्हणाला. "एक बाजू झाली, आता दुसरी. डबल एंट्री."

महालक्ष्मीला हसू आले नाही. ती सासूला तमिळ रीतीने अत्तै म्हणे. "अत्तै, मी तुम्हाला कधी काही बोलले का?"

"नाही बाई."

"मग आज बोलते. यांच्या ऑफिसातले वेंकटेश आहेत ना, त्यांच्या गावी भाताचं कोठार आहे. उंदीर पुष्कळ. रविवारी हे तिला मोपेडवरून नेऊन सोडतील. तिचं काही वाईट होणार नाही."

भागीरथीबाई हो म्हणाल्या. या घरात त्यांनी कशालाच नाही म्हटले नव्हते. जेवणाची वेळ बदलली, हो. टीव्हीचा आवाज, हो. पण त्या दिवशी तांदूळ निवडताना त्यांना एकच खडा पुन्हा पुन्हा दिसू लागला आणि उचलता येईना. यजमान कसे खोकत, कुठल्या कुशीवर निजत, हे पाहिलेला त्यांच्याखेरीज एकच जीव आता जगात होता आणि तो रविवारी मोपेडवरून जाणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कोठीच्या दारात बसून राहिल्या. कुट्टी झोपेतून उठली. पाठ कमानीसारखी केली, जांभई दिली आणि तरातरा हॉलमध्ये जाऊन पुढचे पाय उंच करून सोफ्याच्या हाताला भिडली. भागीरथीबाईंना एकदम पापनाशमची पहाट आठवली. बाजेच्या पायथ्याची काथ्याची दोरी, तिच्यावर चालणारी ही नखे, आणि अंथरुणातूनच यजमानांचे बोलणे, "उठली, कचेरी उघडली हिनं." वर्षानुवर्षे रोज. उठून अंग ताणायला तिला काहीतरी खरखरीत, उभे, आपल्या वासाचे लागत होते. पापनाशमची बाज आपण दान केली. राहिलेले सगळे विहिरीवर धुतले. या घरात तिच्या ओळखीचा वास कुठे उरलाच नव्हता, म्हणून ती तो नव्याने उमटवत होती.

साईराम दाढी करत होता. कुट्टीला बाजेची ती दोरी हवी आहे, हे त्यांनी त्याला सांगितले.

त्याचा हात थांबला. "बाज परत आणायची? दानात दिलेली? आई, मी हातावर पाणी सोडलंय. अप्पांना तिकडे निजायला दिलीय ती."

"बाज नको रे. तिची दोरी थोडी."

"दोरीशिवाय बाज म्हणजे काय, चार लाकडं! मांजरासाठी अप्पांच्या अंगाखालची दोरी काढायची? असं मागायला कोण जातं?"

त्याला वाटत होते तेच भागीरथीबाईंनाही वाटत होते. पण शनिवार उजाडला आणि साईराम कामावर गेल्यावर त्यांनी पदराच्या गाठीत पंधरा रुपये बांधले, वत्सलाबाईंना सांगितले आणि पापनाशमची बस धरली.

कृष्णस्वामींचे घर कालव्याकाठी. घरी मराठी बोलणारी गावात जी काही घरे उरली होती, त्यांतले एक. ओसरीवर ती बाज होती. तिच्यावर पांढरी नायलॉनची पट्टी ताणून विणलेली होती.

"या भागीरथीबाई. तिथे नको, या पाटावर बसा. बाजेवर तुम्हाला बरं वाटायचं नाही."

"मी मागायला आले आहे भटजी. मागू नये असं."

"मागा. मागू नये तेच मागायला लोक माझ्याकडे येतात. बाकीचं सगळं दुकानात मिळतं."

त्यांनी सगळे सांगितले. कृष्णस्वामींनी सुपारी तोंडात एका गालातून दुसऱ्या गालात नेली.

"मांजरासाठी?"

"मांजरासाठी."

"बाज देता यायची नाही. तुम्ही घेऊ नये, मी देऊ नये, दोघंही बुडू. पण दोरी काढली आहे मी. सैल पडली होती, माझी पाठ धरायची. या पट्टीवर रोज निजतो, निजताना सीतारामरावांचं नाव घेतो. त्यांची शय्या त्यांना पोचली आहे, ती काळजी सोडा."

भागीरथीबाईंच्या डोळ्यांत पाणी आले. हेच ऐकायला आपण आलो होतो की काय, असे त्यांना क्षणभर वाटले. मग त्यांनी विचारले, "दोरी धुतलीत?"

"कोण धुतो? गोठ्याच्या खुंटीला वेटोळं टांगलं आहे. पण अशी नाही द्यायचा. परत दिल्यासारखं होईल. विकत घ्या. विकलं की व्यवहार, त्यात दान येत नाही. अकरा रुपये."

"अकरा? अर्धी तर मांजरानंच खाल्ली आहे!"

"शास्त्र स्वस्त नसतं बाई."

यजमान गेल्यापासून भागीरथीबाई पहिल्यांदाच हसल्या. त्यांनी गाठ सोडली. येताना बसला साडेचार गेले होते, जाताना साडेचार लागणार. सहा रुपये त्यांनी पाटावर ठेवले. "पाच राहिले."

"राहू देत. तेवढ्यापुरती दोरी माझी."

संध्याकाळी साईराम घरी आला तेव्हा आई कोठीच्या खोलीत जमिनीवर बसली होती आणि समोर दोरीचे वेटोळे होते. कुट्टी त्याच्या शेजारी पाय पोटाखाली घेऊन बसली होती. ओरबाडत नव्हती. नाक दोरीला टेकवून नुसती बसली होती. साईराम दारातच उभा राहिला. मग आत येऊन त्याने वाकून दोरीचे एक टोक हातात घेतले, वास घेतला आणि तो बाहेर पडला. परतला तो लाकडाच्या वखारीतून जाड फळी आणि कमरेइतक्या उंचीचा ओंडका घेऊन. ओंडका त्याने फळीवर पक्का ठोकला, आणि मायलेकांनी मिळून त्यावर दोरी वरपासून खालपर्यंत घट्ट गुंडाळली.

"कुठे ठेवायचं हे?" महालक्ष्मीने विचारले.

"सोफ्याच्या हातापाशी," भागीरथीबाई म्हणाल्या. "ती जिथे जाते तिथेच हवं. सवय लागली की रोज थोडं थोडं सरकवत कोठीत नेईन."

"हॉलमध्ये? पाहुणे आले म्हणजे काय सांगायचं?"

"सांग, सासऱ्यांची दोरी आहे."

महालक्ष्मीने एकदा ओंडक्याकडे, एकदा सासूकडे पाहिले. तिने सोफा स्वतःच हातभर मागे ओढला आणि जागा करून दिली.

रविवारी सकाळी कुट्टी उठली, हॉलमध्ये आली, सोफ्यापाशी थांबली. मग वळली आणि ओंडक्याला भिडून लांबच लांब ताणली. काथ्यावर नखे चालल्याचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत आला. भागीरथीबाईंच्या हातातली पळी तशीच राहिली. महालक्ष्मी त्यांच्या शेजारी पोळी लाटत होती. ती हॉलकडे न बघता म्हणाली, "यांना सांगते, वेंकटेशांकडे जायला नको. आज गॅसचं सिलिंडर आणायचं आहे."

दिवाळीपर्यंत ओंडका कोठीच्या खोलीत गेला होता. सोफ्याचे दोन्ही हात महालक्ष्मीने त्याच रंगाचे कापड शोधून शिवून घेतले. संक्रांतीच्या पोंगलला भागीरथीबाईंनी साईरामला पैसे देऊन पापनाशमला पाठवले, तेव्हा कालव्याकाठच्या घराला कुलूप होते. कृष्णस्वामी मुलीकडे गेले होते आणि मुलीचा पत्ता गावात कुणाला ठाऊक नव्हता. त्यांचे पाच रुपये द्यायचे राहिले आहेत.