वरचं गढूळ पाणी

माधवराव विमा कंपनीतून निवृत्त झाले आणि जयपुरात, मानसरोवर वस्तीतल्या त्यांच्या घरात एक माणूस रिकामा झाला. भाजी आणून झाली, जवळच्या बागेत चक्कर मारून झाली, की दुपार खायला उठायची. बायको सुनेत्राबाई विद्यापीठात रसायनशास्त्राच्या प्राध्यापक. तिच्या कामाला आपला हात लागावा ही माधवरावांची जुनी हौस, पण बाईंनी त्यांना कधी साधी परीक्षानळीसुद्धा धुऊ दिली नव्हती.

बाईंचं काम मातीचं. बाडमेरकडच्या एका मातीला चिरोट्यासारखे पापुद्रे असतात. त्या पापुद्र्यांमध्ये टेकू देऊन फटी उघड्या ठेवायच्या, तिथे धातूचे कण बसवायचे, आणि त्यावरून डिझेल न्यायचं, म्हणजे त्यातलं गंधक सुटून निघतं. माधवरावांना यातलं चिरोट्यापर्यंत कळत असे.

मे महिन्यात प्रयोगशाळेत दुरुस्तीची ठोकाठोक सुरू झाली. पाण्यात कालवलेल्या मातीला हादरा चालत नाही, म्हणून सुनेत्राबाईंनी मोठी काचेची बरणी घरीच आणून ठेवली. पोत्यातली शेवटची माती होती ती. तिचा नमुना त्याच आठवड्यात चाचणीला गेला नाही, तर वर्षभराची मेहनत फुकट. हात लावू नका असं दोनदा बजावून बाई जवळच्या चौमूं गावी परीक्षेच्या कामाला गेल्या.

दुपारी माधवरावांनी बरणीत डोकावून पाहिलं. तळाशी जाड थर, वर गढूळ पाणी. त्यांना कराडचं घर आठवलं. आई कुरडयांसाठी गहू भिजवून वाटायची, चीक तळाशी बसला की वरचं पाणी अलगद ओतून टाकायची. अरे, म्हणजे हिचं शास्त्र ते हेच तर! त्यांना इतका आनंद झाला की बजावणं साफ विसरले. गढूळ पाणी नळीने काढलं आणि तळातला ऐवज ताटात पसरून गच्चीत वाळत घातला.

संध्याकाळी सुनेत्राबाई आल्या आणि रिकामी बरणी बघून त्यांनी हातातली पिशवी तिथेच जमिनीवर ठेवली.

"अहो, माझी माती त्या गढूळ पाण्यातच तरंगत होती," त्या हळूच म्हणाल्या. "खाली बसते ती नुसती रेती."

माधवरावांचा चेहरा खर्रकन उतरला. बाई चिडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. पाणी कुठे ओतलं, असं बाईंनी विचारलं. माधवरावांनी बाल्कनीकडे बोट दाखवलं.

जयपुरातल्या टंचाईत निम्मं आयुष्य काढलेला माणूस पाणी मोरीत कसं ओतेल? त्यातून हे तर बायकोने विकत आणलेलं शुद्ध पाणी. स्टीलच्या स्वच्छ पिंपात, झाकण लावून, कुंड्यांसाठी राखून ठेवलेलं होतं. एक तांब्या तेवढा मोगऱ्याला गेला होता. सुनेत्राबाईंनी झाकण उचललं आणि डोळ्यांत पाणी येईतो हसत सुटल्या. मोगऱ्याचा वाटा सोडून बाकी सगळी माती चाचणीला वेळेत गेली.

पावसाळ्यात निकाल आला. डिझेलमधलं गंधक बाईंना हवं होतं त्याहून खाली उतरलं होतं. पाठोपाठ नव्या मातीचं पोतं आलं. प्रयोगशाळेची दुरुस्ती तेव्हा केव्हाच संपली होती. तरीही सुनेत्राबाईंनी ती माती कालवलेली बरणी घरी आणली, माधवरावांच्या पुढ्यात ठेवली आणि नळी त्यांच्या हातात दिली.

"या खेपेला वरचं तुम्ही काढायचं," त्या म्हणाल्या.

माधवरावांनी आधी हात स्वच्छ धुतले.